मागच्या सीटची बंद शिवण

जॉनी परेराने हाताखालच्या माणसाला उभ्या आयुष्यात शिवी दिली नाही. मेल्याला गरजच पडायची नाही. साकीनाक्याच्या त्या गल्लीत, लेथवाला आणि खोकेवाला यांच्या मधल्या गाळ्यात, चाळीस वर्षं त्याचा एकच खाक्या. कारागिराने सीट शिवून पुढ्यात आणून ठेवली की जॉनी चष्मा कपाळावर चढवायचा, अंगठ्याचं नख शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, आणि नख कुठे अडखळलं की शर्टाच्या खिशातून ब्लेड काढायचा. अर्धं ब्लेड, एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेलं. टर्रकन शिवण उसवायची, सीट पायाने बाजूला सारायची आणि आपल्या कामाला लागायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही. ज्याची शिवण त्याने शोधावं. चांगले मिशा फुटलेले बाप्ये गाळ्यामागच्या नळावर तोंड धुवायच्या निमित्ताने रडून आलेले आहेत.

एकदा एका नवख्याने विचारलं, "उस्ताद, एवढं चालेल ना?" जॉनीने त्या दिवशी नुसती शिवण नाही, अख्खं कव्हर चार तुकड्यांत फाडलं. "चालेल ते रिक्षाच्या सीटला. इथे नाही." तेव्हापासून 'चालेल' हा शब्द त्या गाळ्यात कुणी तोंडातून काढत नसे. चहा चालेल का, असंसुद्धा नाही.

पण काम? कामाला तोड नव्हती, हे दुश्मनही मान्य करतील. जुन्या गाड्यांचे शौकीन मुलुंडहून, बोरिवलीहून गाड्या घेऊन यायचे. आत काथ्या घालायचा की फोम, चामडं कुठल्या अंगाने कापायचं, पट्ट्या किती रुंद ठेवायच्या, सगळं जॉनीच्या डोक्यात. बाकीची शिलाई मशीनवर व्हायची, एक सोडून. कव्हर चढवून झालं की पाठीच्या वरच्या काठाला शेवटचं तोंड उघडं राहतं. इतर कुशनवाले ते मागे दडपतात, लोखंडी कड्या मारतात आणि मोकळे होतात. जॉनी ते वर ठेवायचा, चांगलं दिसेल असं, आणि मेण लावलेल्या जाड पांढऱ्या दोऱ्याने हाताने शिवायचा. तिला म्हणायचे बंद शिवण. ती उस्तादाने घालायची, दुसऱ्या कुणी नाही, हा गाळ्याचा कायदा.

हा कायदा दोन वर्षांपूर्वी बोंबलला. जॉनीचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरने दुखण्याचं नाव सांगितलं, जॉनीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुई भोकात जाईना. तेव्हापासून बंद शिवण त्याची मुलगी सेलिना घालायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, उस्तादांच्या हातची आहे. सेलिना बेचाळीस वर्षांची, लग्न केलेलं नाही, वीस वर्षं बापाच्या हाताखाली. तिने शिवण घातली की जॉनी नख फिरवायचा आणि दर दोन-तीन कामांमागे एकदा ब्लेड काढायचा. शिवता येत नव्हतं, पण उसवता येत होतं अजून. आहे की नाही कमाल? सेलिना चुपचाप पुन्हा शिवायला बसायची.

गाळ्यात भिंतीवर मारियामातेची तसबीर होती आणि तिच्याखाली काचेत बसवलेलं पेपरातलं कात्रण. तेवीस वर्षांपूर्वीचं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एक लालबुंद फियाट, तिचं मागचं दार उघडं, आणि मागच्या सीटच्या काठावर हात ठेवून छाती काढून उभा जॉनी. खाली छापलेलं, 'साकीनाक्याच्या जॉनीची जादू'. त्या एका शिवणीवर जॉनी जॉनी झाला. त्याआधी तो गल्लीतल्या दहा कुशनवाल्यांतला एक होता.

आणि तीच गाडी फेब्रुवारीतल्या एका सकाळी टोइंगवर बसून गाळ्याच्या दारात आली.

बरोबर मिहिर नावाचा पस्तिशीचा माणूस. मूळ मालकाचा, मुलुंडच्या डॉक्टरांचा नातू. बोलायला गोड. "अंकल, आजोबा गेल्यावर पंधरा वर्षं बिल्डिंगखाली पडून होती. इंजिन झालं, रंग झाला. आता आतलं सगळं तुमच्याकडे. जसं होतं तसंच पाहिजे. चामडं पार तडकलंय."

जॉनीने आत डोकावून बघितलं. आजोबांनी चामडं जपायला मागच्या सीटवर रेक्झिनची जाड खोळ चढवून चारी बाजूंनी शिवली होती आणि खालून कड्या मारल्या होत्या. खालचं काही दिसत नव्हतं. जॉनीच्या जिवात जीव आला.

"आणि अंकल, मागच्या सीटची ती शिवण तुमच्याच हातची हं. एप्रिलमध्ये प्रदर्शन आहे. गाडीपुढे पाटी लावतोय, कुणी कुणी काय काम केलं त्याची. तुमचं नाव सगळ्यात वर."

"बघू," जॉनी म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला. ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला. त्या खोळीखाली काय आहे ते जगात आपल्या एकट्याला ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती. ते सेलिनाच्या नजरेला पडता कामा नये, बस. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

काय होतं खोळीखाली? सांगतो.

तेवीस वर्षांपूर्वी सेलिना एकोणीसची. चामड्याच्या वाया गेलेल्या तुकड्यांवर शिवत शिवत शिकलेली. डावखुरी. तेव्हा नेमका त्या फियाटचं काम चालू असताना जॉनीचा अंगठा पत्र्याने कापला. टाके पडले. प्रदर्शन पाच दिवसांवर. गाळ्यात तीन कारागीर होते, पण बंद शिवण कारागिराला द्यायची म्हणजे उद्या तो बाहेर पडून स्वतःचा गाळा टाकणार. जॉनीने पोरीला बोलावलं. "बस. बघू काय दिवे लावतेस."

चार दिवस पोर मान मोडून बसली. जेवायला उठायची तेवढीच. चौथ्या दिवशी दुपारी म्हणाली, "पप्पा, बघ." तिन्ही कारागीर हातातलं काम टाकून भोवती जमले. जॉनीने चष्मा वर केला आणि नख फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख कुठे अडेना. त्याने परत फिरवलं. परत नाही अडलं. तिसऱ्यांदा फिरवत होता तेव्हा महादू नावाचा कारागीर हसत बोलून गेला, "उस्ताद, पोरीने तुमच्या वरताण केली की!"

झालं. जॉनीचं नख थांबलं. बाप होता तो, अभिमानाने ऊर भरून यायला हवा होता, पण त्याला पोरीचा हेवा वाटला. उघड सांगायचं तर तेवढंच. त्याने खिशातून ब्लेड काढलं आणि शिवणीच्या बरोब्बर मध्ये वीतभर उसवलं.

"डाव्या हाताची शिवण उलटी पडते," तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्याने कारण सांगितलं ते त्या एकाच वेळी. "गिऱ्हाइकाला दाखवायची लाज वाटेल. जा, गोण्या शिव."

सेलिनाने सुई टेबलावर ठेवली आणि मरोळपर्यंत चालत घरी गेली. नंतर तीन वर्षं तिने सुईला हात लावला नाही. साकीनाक्यालाच एका कपड्यांच्या कारखान्यात शर्टांचे लोंबणारे धागे कापायला बसायची.

आणि जॉनी? त्याने कारागिरांना घरी पाठवलं, अंगठ्याच्या पट्टीवर अंगुस्ताना चढवला आणि उसवलेली वीतभर जागा स्वतः शिवली. बाकीची तशीच ठेवली. अशी शिवण फेकून द्यायला माणूस वेडा पाहिजे. प्रदर्शनात लोक ती शिवण बघायला ओणवे होत होते. फोटो निघाला, पेपरात आला. घरी येऊन जॉनीने पोरीला सांगितलं, "तुझी सगळी उसवून टाकली. रात्र घातली मी तिच्यावर." तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? बाप होता.

आता धंद्यातली एक गोष्ट. उजव्या हाताने घातलेला टाका किंचित उजवीकडे झुकतो, डाव्या हाताचा डावीकडे. फोटोत ते कळत नाही, पण कुशनवाल्याच्या नजरेतून सुटत नाही. गाळ्यात डावखुरी एकटी सेलिनाच.

तीन वर्षांनी दोन कारागीर सोडून गेले तेव्हा जॉनीने तिला परत बोलावलं, ते एका अटीवर. डावा हात बंद. चामड्याचा तुकडा शिकंज्यात आवळायचा, डावा हात मांडीखाली दाबून बसायचं आणि उजव्याने टाके घालायचे. असं तीन महिने. बावीस वर्षांची धडधाकट मुलगी कारागिरांच्या देखत स्वतःच्या हातावर बसून असायची. अजूनही ती स्टुलावर बसली की डावा हात आपोआप मांडीखाली जातो. उजव्या हाताने ती चांगलं शिवते. पण ते चांगलंच. नख कुठेतरी अडतंच.

म्हणून ती खोळ जॉनीला खुपत होती. त्याने कामाची वाटणी अशी केली की पुढच्या सीटा, दारांच्या आतली पॅनेलं, छताचं कापड, सगळं सेलिनाकडे. "मागची मी बघतो."

"तू?" ती म्हणाली. "तुझ्याने कड्या निघतील का?"

"उस्ताद कोण आहे इथे?"

ती पुढच्या सीटांकडे वळली. महिना गेला, दीड महिना गेला. मागची सीट कोपऱ्यात गोणपाटाखाली होती आणि सेलिना समोर असताना जॉनी तिला हात लावत नव्हता. मिहिर फोनवर विचारायचा, झालं का. शेवटी एका रविवारी जॉनीने पोट बिघडल्याचं सांगून मिस्सा चुकवली. सेलिना चर्चला गेली तसा हा रिक्षा करून गाळ्यावर. शटर अर्धं वर घेतलं आणि सीट ओढून उजेडात आणली. बेत सरळ होता. खोळ काढायची, चामड्याचा काठ शिवणीसकट कापायचा आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्यात नेऊन टाकायचा. दहा मिनिटांचं काम.

खोळीला पहिला काप बरा गेला. दुसऱ्या कापाला हात नाचला आणि ब्लेड अंगठ्याच्या मांसात घुसलं. रक्त थांबेना. कड्या उपटायला पक्कड लावली, तर पक्कड चारदा हातातून खाली पडली. चौथ्यांदा ती उचलायला तो वाकला आणि तसाच फरशीवर बसून राहिला. कुठल्या कुठल्या कारागिरांच्या हातापायांची थरथर बघून तो एकेकाळी नाक मुरडायचा, आता स्वतःची बघत बसला.

मिस्सा संपल्यावर सेलिना घरी गेली, बाप दिसेना म्हणून थेट इकडे आली. शटरखालून वाकून आत येते तो म्हातारा फरशीवर, मांडीवर रक्त.

"अरे देवा! हे काय करून घेतलंस? सोड, मी काढते."

"नको. सेलिना, नको म्हणतो ना!"

पण बापाचं ऐकायची ती वेळ नव्हती. तिने पक्कड उचलली आणि कड्या पटापट उपटल्या. खोळ धरून ओढली. खाली तडकलेलं तांबडं चामडं आणि काठाला मळून पिवळी पडलेली दोऱ्याची रांग. दोरा अजून घट्ट होता.

तिने नख टेकवलं. बापासारखंच, या टोकापासून. जॉनी तिच्या नखाकडे बघत होता. ते सरळ चाललं होतं, कुठे अडत नव्हतं. मध्यावर आलं तेव्हा अडलं. वीतभर जागेत टाके दुसरीकडे झुकलेले होते. पुढे परत नख सुरळीत चाललं. ती टोकापर्यंत गेली, परत आली, आणि मग तिने आपला डावा हात त्या टाक्यांवर पालथा ठेवला.

"पप्पा, ही कुणाची?"

"माझी."

"मधली वीतभर तुझी. बाकीची?"

जॉनी म्हणाला, "अंगठ्याला काही बांध. रक्त चाललंय."

त्याला वाटलं, आता ही बोंबलेल. पक्कड फेकून मारेल, निदान रडेल तरी. भांडायची त्याची तयारी होती, भांडणात तो कधी हरला नव्हता. सेलिनाने पेटीतून कापूस आणला, अंगठा पुसला आणि पट्टी बांधली. चांगली नीटस, ना सैल ना घट्ट. "चल घरी. मिस्सा चुकली तुझी," एवढंच बोलली.

सोमवारी तिने मागच्या सीटचं नवं चामडं कापलं. पट्ट्या मशीनवर टाकल्या, फोम भरला, कव्हर चढवलं. तीन दिवसांत वरचं तोंड तेवढं उघडं राहिलं. मग सीट लाकडी घोडीवर ठेवली, मेण लावलेला दोरा सुईत ओवला आणि सुई बापापुढे धरली.

"बंद शिवण उस्तादाची."

"माझा हात बघतेस ना?"

"पाटीवर तुझं नाव आहे. मिहिरने तुझ्या हातची मागितलीय. मला चार दिवस लागले होते, तू दहा घे."

"दोन वर्षं तूच घालतेस की! कुणाला कळतं?"

"मला कळतं," सेलिना म्हणाली.

तो शिवायला बसला. ती समोर स्टूल टाकून बसली. मदत नाही, की शब्द नाही. आरीने भोक पाडायचं, त्यातून सुई काढायची, दोरा ओढायचा. जे काम हात धड असताना तो न बघताही करायचा, त्याच कामात आता दिवसाला दहा-बारा टाके पडू लागले. घाम नाकावरून चामड्यावर टपकायचा. लेथवाला दारात येऊन बघायचा आणि मान हलवून जायचा. तिसऱ्या दिवशी जॉनीने आपलीच शिवण बघितली आणि उसवून टाकली. चामड्याचं असं असतं की एकाच जागी दोनदा उसवता येतं, तिसऱ्यांदा भोकं मोठी होऊन दोरा धरत नाहीत. म्हणजे आता एकच संधी राहिली.

दहाव्या दिवशी शिवण बंद झाली. आणि खरं सांगायला हवं, दोन्ही टोकांकडून ती बरी होती. थरथरत्या हाताने म्हाताऱ्याने जीव ओतला होता. पण मधल्या वीतभर जागेत हाताने दगा दिला. टाके आडवेतिडवे, एक लांब, एक आखूड, दोरा एका ठिकाणी वर आलेला. जॉनीला ते नख न फिरवताच दिसत होतं.

शनिवारी दुपारी मिहिर आला. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी. सीट बघून तो खूष. "झकास, अंकल! काय दिसतेय!" त्याने शिवणीवरून हात फिरवला. त्याला डोंबल कळणार होतं?

"सेलिना," जॉनी म्हणाला, "नख फिरव."

ती पुढे आली. नख टेकवलं, फिरवत मध्यावर आणलं आणि तिथेच थांबवलं.

"उसव," जॉनी म्हणाला.

"अहो कशाला?" मिहिर म्हणाला. "मस्त आहे की."

"उसव गं. वीतभर तर आहे. अजून एकदा निघते. दोन तासांत घालशील तू."

"कुठल्या हाताने?"

जॉनीने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"डाव्या हाताची शिवण उलटी पडते, पप्पा. गिऱ्हाइकाला दाखवायची लाज वाटते." ती अगदी हळू, समजुतीच्या आवाजात बोलत होती. "की नाही वाटत? गिऱ्हाईक इथेच उभं आहे. मागच्या वेळी काय झालं ते सांग त्याला. एवढं सांग, लगेच घालते."

मिहिर दोघांकडे हसत बघत होता. त्याला वाटलं बापलेकीची काही गंमत चाललीय. "मागच्या वेळी काय?"

सांगायला काय लागणार होतं? ती शिवण हिची होती. चार शब्द. मिहिरने ते ऐकून म्हटलं असतं, वा, मग ताईंचंही नाव टाकू पाटीवर. एवढ्यावर भागलं असतं, हे जॉनीलाही कळत होतं. त्याने तोंड उघडलं. भिंतीवरच्या कात्रणाकडे नजर गेली. मग तो मिहिरला म्हणाला, "पाटी झाली का?"

"झाली की!" मिहिरने फोन काढून दाखवला. काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरं. 'आतील सजावट आणि हातशिवण: उस्ताद जॉनी परेरा.' सगळ्यात वर.

जॉनीने ते दोनदा वाचलं. हात खिशाकडे गेला, ब्लेड बोटांना लागलं. पण उसवलं तर शिवणार कोण? टेम्पो बाहेर उभा होता. बोटं खिशातच राहिली.

सेलिना वाट बघत थांबली. अर्धा मिनिट तरी थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती, आणि तीच जॉनीला बघवेना. त्याने मान खाली घातली.

"चालेल," सेलिना म्हणाली.

आणि सीटचं एक टोक धरून तिने मिहिरला दुसरं धरायला सांगितलं.

प्रदर्शनाला मिहिर दोघांनाही घेऊन गेला. जॉनीला कोट घालायला लावला, गाडीशेजारी पाटीजवळ खुर्ची दिली. चमकणाऱ्या गाड्या, गॉगल घातलेली माणसं, गाडीत डोकावणारी पोरंबाळं. लोक पाटी वाचून त्याला नमस्कार करत होते. शिवणीकडे कुणी बघतही नव्हतं. दुपारपर्यंत जॉनीला धीर आला. कुणाला कळतं एवढं, असं तो स्वतःशी म्हणालासुद्धा.

तेवढ्यात महादू आला. तोच तो, तेव्हाचा कारागीर. आता चेंबूरला त्याचा स्वतःचा गाळा होता, डोक्याचे केस पिकले होते. उस्तादांच्या पाया पडला, पाटी वाचली आणि गाडीच्या मागच्या दारातून आत वाकला. बराच वेळ वाकून होता. सरळ झाला तेव्हा चेहरा उतरलेला. तो जॉनीच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला.

"उस्ताद, ही तुम्ही स्वतः घातलीत?"

"हो."

"या हाताने?" त्याने जॉनीचा थरथरणारा हात आपल्या हातात घेतला आणि थोपटला. आजाऱ्याचा थोपटतात तसा. "बरं केलंत. नाव खोटं राहिलं नाही. निदान ही शिवण तरी तुमची."

जॉनीने हात सोडवून घेतला. "म्हणजे काय?"

"जाऊ द्या ना आता. किती वर्षं झाली."

"महादू, म्हणजे काय?"

"अहो, ती पोरीची होती," महादू म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सीट गाडीत मीच नाही का बसवली? डाव्या हाताचे टाके कळत नाहीत होय आम्हाला? प्रदर्शनाला गल्लीतले सगळेच आले होते. सगळ्यांनी बघितलं. तुमच्यासमोर कोण बोलणार? मागे मात्र हसायचे लोक. भिंतीवर फोटो लावला तेव्हा तर..." तो थांबला. मागे सेलिना पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

"तुम्हाला ठाऊक होतं, महादूकाका?"

"अगं, पोटाचा प्रश्न होता बाई तेव्हा."

"मी मांडीखाली हात दाबून शिवायची, तेव्हा तुम्ही समोर बसायचात. तेव्हाही?"

महादूने रुमाल काढून तोंड पुसलं. ओळखीचं कुणीतरी दिसलं म्हणाला आणि गर्दीत गेला.

बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. तेवीस वर्षं जॉनीने जे गाडून ठेवलं, ते अख्ख्या साकीनाक्याला ठाऊक होतं. एका सेलिनालाच ठाऊक नव्हतं. शनिवारी ते चार शब्द बोलायला त्याची जीभ उचलली नाही, आणि ज्यांच्यासाठी उचलली नाही त्यांना ते केव्हाचे पाठ होते.

"अंकल!" मिहिर फोटोवाल्याला घेऊन धावत आला. हातात त्या जुन्या कात्रणाचा फोटो. "सेम पोझ द्या. तेव्हा उभे होतात ना तसेच, सीटवर हात ठेवून. दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकतो."

जॉनीला उठवून मागच्या दाराशी उभं केलं. हात सीटच्या काठावर ठेवायला लावला, शिवणीच्या मध्यावर. हात थडथड नाचत होता. फोटोवाल्याने दोनदा काढला, दोनदा मान हलवली.

"हात हलवू नका ना, अंकल. फोटो हलतोय."

"हलवत नाही मी," जॉनी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सेलिना पुढे आली. गाडीच्या पलीकडल्या दारातून आत सरकली, फोटोत दिसणार नाही अशी खाली वाकून बसली आणि आपल्या डाव्या हाताने बापाचं मनगट खालून आवळून त्या आडव्यातिडव्या टाक्यांवर दाबून धरलं. पकड लोखंडासारखी होती.

"काढा आता," ती म्हणाली.